उचंत खात्यातील फोडणी

बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला आकड्यांचे भय वाटू नये अशी लोकांची अपेक्षा असते. परंतु रक्ततपासणीच्या कागदावर ‘तीन महिन्यांची साखर’ 6.1 अशी छापून आली, तेव्हा मला दरदरून घाम फुटला. 5.7 ते 6.4 या टापूतला माणूस मधुमेही नसतो, मात्र मधुमेहाच्या दारात चपला काढून उभा असतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. वजन 78 किलो भरले होते. ते उतरवायचे, यावर घरात एकमत झाले. कसे उतरवायचे, यावर दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष पत्नीचा होता. तिने आहारतज्ज्ञांकडून सोमवार ते रविवार असा छापील तक्ता आणून फ्रिजच्या दारावर चिकटवला. सकाळी सातला पाच भिजवलेले बदाम, अकराला एक पेरू, दुपारी एकला दोन भाकऱ्या आणि दुधीची भाजी, रात्री आठच्या आत मुगाचे धिरडे. तक्त्याचे मोठे सुख असे की त्यात डोके वापरावे लागत नाही, आणि वरून आलेल्या परिपत्रकाप्रमाणे वागण्याची मला उभ्या नोकरीत सवय होतीच. परंतु तक्ता एका माणसाचा होता आणि आमची चूल पाच माणसांची. बुधवारी माझ्या ताटात दुधी आणि शेजारच्या ताटात भरली वांगी आली, तेव्हा माझा निर्धार वांग्याच्या देठापाशी गळून पडला. बुधवारचा दुधी शुक्रवारवर गेला, शुक्रवारचे धिरडे रविवारवर गेले, आणि दुसऱ्या आठवड्याअखेर माझ्या नावावर चार दिवसांचे पथ्य थकीत निघाले.

तेव्हा दुसरा पक्ष पुढे आला. व्यायामशाळेत जाणारा माझा भाचा म्हणाला, “मामा, काहीही खा, फक्त हिशेब ठेवा.” कर्बोदके आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅममागे 4 कॅलरी, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅममागे 9, विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवून दिलेले हे गणित ऐकताच मला आपला माणूस भेटल्यासारखे झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे मला दिवसाला सुमारे 65 ग्रॅम प्रथिने हवी होती. मी फोनमध्ये अ‍ॅप घेतले, ओट्यावर डिजिटल वजनकाटा मांडला आणि पहिली पोळी तोलली. ती 38 ग्रॅम भरली. दुसरी 51 ग्रॅम भरली. हा फरक कसा आला, असे मी सौम्य शब्दांत विचारले असता पत्नी म्हणाली, “अहो, पोळपाट आहे हा, टांकसाळ नव्हे.”

पोळीचे एक वेळ निभावले. आमटीने मात्र माझी लेखापरीक्षा मोडून काढली. याच संस्थेने 2017 साली 528 भारतीय खाद्यपदार्थांचे घटक कोष्टकात छापले आहेत, पण ते बहुतांशी कच्च्या मालाचे. कोरड्या तूरडाळीच्या शंभर ग्रॅमात साधारण 22 ग्रॅम प्रथिने असतात हे कळले, तरी आमच्या पातेल्यातल्या आमटीत डाळ किती आणि पाणी किती, हे ऐनवेळी दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यांच्या संख्येवर ठरते. त्यातच आमच्या घरात वाट्या तीन मापांच्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी परंपरेने माझी आहे. फोडणीच्या वेळी मी कढल्याखाली काटा सरकवू लागलो, तेव्हा आईने पळीभर तेल ओतता ओतता “बाजूला हो, अंगावर उडेल,” एवढेच सांगितले. पळीत तेल किती, हे तिने सांगितले नाही; तिला ते कोणी कधी विचारलेच नव्हते.

बँकेत ज्या रकमेचा थांग लागत नाही ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. मीही वहीच्या शेवटच्या पानावर तसे खाते उघडले. फोडणीचे तेल, भाजीवरचे खोबरे, आईने नकळत सोडलेले तूप (चमचाभर म्हणजे 5 ग्रॅम धरले तरी 45 कॅलरी) आणि ताटात कोणीच उष्टे टाकायचे नाही म्हणून नातवाचा मी संपवलेला वरणभात, हे सारे तिकडे जमा होऊ लागले. महिनाअखेरीस मूळ खात्यापेक्षा उचंत खातेच फुगले. माझे वजन 77.6 किलो भरले. वजा झालेले चारशे ग्रॅम कशामुळे गेले, याची नोंद दोन्हींत सापडेना.

मग संकष्टी आली. तक्त्यात उपवासाचा रकानाच नव्हता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावालाही नाहीत. त्यामुळे माझी सारी भिस्त दाण्याच्या कुटावर होती. खिचडी ढवळणाऱ्या आईला मी फोन हातात धरूनच विचारले, “आई, कूट किती घातलंस?”

“पुरेसं,” ती म्हणाली.

मी ते टंकून पाहिले. त्या रकान्यात अक्षरे उमटत नाहीत.