पाइप चांगलाच आहे हो, प्रश्न त्याच्या शेजाऱ्याचा आहे

आज दुपारी आमच्या गल्लीतला ड्रेनेजचा चर बुजवला. पाइप नवाकोरा, डीडब्ल्यूसी म्हणजे दुहेरी भिंतीचा प्लॅस्टिकचा, बाहेरून वळ्यावळ्यांचा. आणि त्यावर जेसीबीने लोटलं काय? जुन्या डांबराची ढेकळं, फुटक्या फरश्या, डोक्याएवढे दगड आणि खोदून काढलेली तीच काळी माती. वरून बकेट दोनदा आपटलं, झाली दबाई! मी बोललो तर तिथला पोरगा म्हणतो, "काका, आयएसआय मार्क आहे, काही होत नाही."

अरे बाबा, पाइपाबद्दल बोलतंय कोण? मी बोलतोय त्याच्या बाजूला भरलेल्या मातीबद्दल.

माझी पहिली नोकरी लातूरकडच्या एका पाणीयोजनेवर. तिथल्या मुकादमांना सगळे अण्णा म्हणायचे. शाळा जेमतेम चौथी. भराव सुरू झाला की अण्णा स्वतः चरात उतरायचे आणि पाइपाच्या पोटाखाली दोन्ही अंगांनी हात घालून बघायचे. हात आत गेला, म्हणजे पोकळी राहिली, की भरलेलं सगळं उकरायला लावायचे. मजूर वैतागायचे, मीही वैतागायचो.

अण्णा हाताने बघायचे ते गणित अमेरिकेतल्या आयोवात मर्लिन स्पँग्लर या इंजिनिअरांनी १९४१ साली मांडलं होतं. लवचीक पाइप वरच्या ओझ्याने चपटा होतो आणि दोन्ही कुशींनी बाहेर फुगतो. तिथे त्याला रोखते ती बाजूची माती. पाइपाचा स्वतःचा ताठपणा त्या हिशेबात किरकोळ. माती ढिली असेल तर हा पाइप म्हणजे नाडीशिवायचा लेंगा. ३०० मिमीचा पाइप १५ मिमी चपटा झाला तरी साधारण चालवून घेतात. त्यापुढे सांधे हलतात, गळती लागते, भोवतालची माती पाइपात वाहून जाते आणि खाली पोकळी तयार होते. मग एके दिवशी रस्ता खचतो आणि नाव पावसाचं.

त्यात आमची काळी माती! पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. ती काय आधार देणार, कपाळ!

मान्य, गल्ली अरुंद आहे, पाऊस तोंडावर आहे, बाहेरून मुरूम आणायला पैसे पडतात. आरसीसीचा पाइप स्वतः जास्त ओझं पेलतो हेही खरं. पण दगडावर टेकवलात तर तोही तडकतो.

त्या पोराचा राग नाही खरं तर. दिवसभर उन्हात उभा होता, त्याला कुणी अण्णा भेटलेच नाहीत. चरात उतरून हात घालायला त्याला शिकवणार कोण?

पण मेजरमेंट बुकावर, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीवर, सही करणारे साहेब? दीडशे मिमीचे थर, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकलेला, पाइपाच्या डोक्यावर ३०० मिमीपर्यंत बारीक माल आणि तोवर वर जड यंत्र नाही. हे त्यांनी कॉलेजात परीक्षेत लिहिलेलं असतं! खोदाई घनमीटरने मोजतात, पाइप मीटरने मोजतात, आणि दबाईच्या वेळी साहेब कुठे असतात? अण्णांना पेन धरता येत नव्हतं नीट, पण त्यांच्या हाताखालून असला भराव गेला नसता.

आमचा निम्मा चर अजून उघडा आहे. उद्या जेसीबी यायच्या आत वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज देतोय, सह्या हव्यात. गल्लीतल्यांनी रात्री नऊपर्यंत घरी या. बाकीच्यांनी आपापल्या भागातल्या उघड्या चरांचे फोटो आजच काढून ठेवा, पेव्हर ब्लॉक बसले की काही दिसत नाही.