प्राध्यापकाला बीमटाइम मिळाला तर काय करावे?

विभागप्रमुख महोदय, ही वेळ एक दिवस तुमच्यावरही येणार आहे. नुकताच रुजू झालेला, चेहऱ्यावरचं तेज अजून न गेलेला सहायक प्राध्यापक केबिनमध्ये येईल आणि म्हणेल, "सर, इंदूरला इंडस-२ वर बीमटाइम मिळालाय. चार दिवस." इंडस-२ म्हणजे इंदूरचा सिंक्रोट्रॉन, इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यापासून प्रखर किरण मिळवणारं यंत्र. आणि बीमटाइम म्हणजे तो किरण आपल्या प्रयोगासाठी वापरायला मिळालेली वेळ. घाबरू नका. आधी त्याला बसायला सांगू नका.

दोष त्याचा नाही. एका विद्यापीठाला न परवडणारं यंत्र सगळ्यांनी मिळून वापरावं, असं फार पूर्वी कुणाच्या तरी मनात आलं आणि १९८४ साली दिल्लीत त्वरकाचं, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचं, केंद्र निघालं. १९८८ मध्ये पुण्यात खगोलशास्त्रासाठी आयुका आली. मग इंदूरला तर एक अख्खा संघच थाटला गेला, कशासाठी, तर ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी, कोलकात्याचा सायक्लोट्रॉन (तोही त्वरकच), इंदूरचा सिंक्रोट्रॉन ही अणुऊर्जा खात्याची यंत्रं विद्यापीठवाल्यांना वापरता यावीत म्हणून! ज्यांचे फोटो दाखवून आपण तीस वर्षं शिकवलं, तिथे आता हा पोरगा कोबाल्ट फेराइटची पूड डबीत घालून निघालाय. आणि प्रस्ताव पाहून वेळ देतात म्हणे. सेवाज्येष्ठता विचारतसुद्धा नाहीत.

तेव्हा पहिला उपाय: अर्ज योग्य मार्गाने आलेला नाही, असं म्हणा. हे कधीही म्हणता येतं, कारण योग्य मार्ग कोणता हे आजवर कुणी लिहून ठेवलेलं नाही. फाईल आस्थापना विभागाकडे जाऊ द्या. इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाख फेऱ्या मारतो. पण त्याच्या वाटेत आवक-जावक टेबल नसतं.

तो म्हणेल, बीम रात्रंदिवस चालू असतो, आपली पाळी गेली की गेली. छान. मग त्याच आठवड्यात कॅपची, म्हणजे परीक्षेच्या केंद्रीय मूल्यांकनाची, पेपरतपासणी लावा. नाहीतर वर्कलोड विचारा: तुमचे तास कोण घेणार? निम्म्या जागा रिकाम्या, उरलेले तास सीएचबीवाल्यांच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या, गळ्यात, ही अडचण खरीच आहे. खऱ्या अडचणीसारखी सोयीची गोष्ट नाही. ध्रुवचा प्रस्ताव असेल तर तुम्हाला कष्टच नाहीत. तिथे गेटच्या आत जायला आधीपासून कागदपत्रं लागतात. तुम्ही फक्त सही आठवडाभर उशिरा करायची. अणुभट्टीतले न्यूट्रॉन बिचारे वाट पाहत नाहीत.

जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं प्रकरण मात्र अवघड. खोडद आपल्या नारायणगावजवळच, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, जगातून कुणीही वेळ मागावी. ते दूर आहे असं म्हणायची सोय नाही. शिवाय दुर्बिणीपाशी मोबाईल बंद ठेवावा लागतो, म्हणजे मीटिंग आहे, ताबडतोब या, असा फोनही करता येणार नाही.

इतकं करूनही तो गेलाच, तर स्टाफरूममध्ये इंदूरच्या सराफ्यातल्या जिलेबीचा विषय काढा. चार रात्री जागून कोणता अणू कुणाच्या शेजारी बसलाय हे तो पाहत होता, यावर कोण विश्वास ठेवणार? यथावकाश त्याचा शोधनिबंध येईल. तो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात पहिल्या पानावर घ्या, वर "विभागाचे राष्ट्रीय प्रयोगशाळांशी दृढ संबंध" असं ठळक अक्षरात लिहा. फोटोत मध्ये तुम्ही.

आता राहिलं त्याचं प्रवासभत्त्याचं बिल. स्लीपर बसचं तिकीट तो जोडेल, वेळ मिळाल्याचं पत्र जोडेल, बीमलाइनवरच्या, म्हणजे किरण जिथे प्रयोगाला मिळतो तिथल्या, शास्त्रज्ञाच्या सहीचं उपस्थिती प्रमाणपत्रही जोडेल. शांतपणे कागद उलटून पाहा आणि परत करा. त्रुटी: प्रमाणपत्रावर शिक्का नाही. तिथली रिंग गोल असून भागत नाही, शिक्का गोल लागतो.