चौकशी लागली म्हणून शेअर विकायचे?

कोल्हापुरातल्या गुंतवणूकदारांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सरकारने विलीनीकरणाची चौकशी लावली की टेक शेअर बुडाला. घेणारी कंपनी पडते, विकली जाणारी संपते. मंजुरी मिळाली तरच पैसे पक्के.’ ही चौकशी म्हणजे दोन कंपन्या एक झाल्याने बाजारातली स्पर्धा कमी होईल का, याची सरकारी तपासणी. राजारामपुरी, शाहूपुरीत आता फंडातून किंवा थेट अमेरिकी शेअर घेणारे बरेच आहेत. त्यात निवृत्तीची पुंजी लावलेली माणसं आहेत, आणि ती घाबरून विकायला निघतात. म्हणून हे उत्तर.

‘घेणारी कंपनी पडते.’ बऱ्याचदा ती सौद्यानेच पडते. अ‍ॅडोबीने 15 सप्टेंबर 2022 ला फिग्मा ही डिझाइन सॉफ्टवेअरची कंपनी 2000 कोटी डॉलरला घेणार असं जाहीर केलं आणि त्याच दिवशी तिचा शेअर सुमारे 17 टक्के आपटला. बाजाराला किंमतच पटली नव्हती. डिसेंबर 2023 मध्ये युरोप आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकांची मंजुरी मिळण्याची चिन्हं नाहीत म्हणून सौदा मोडला. फिग्माला 100 कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली, तरी त्या दिवशी अ‍ॅडोबीचा शेअर वरच गेला.

‘विकली जाणारी संपते.’ हा धोका मात्र खरा आहे. जानेवारी 2024 मध्ये अ‍ॅमेझॉनने आयरोबोट ही रोबो व्हॅक्यूम क्लीनर बनवणारी कंपनी घेण्याच्या सौद्यातून माघार घेतल्यावर तिने जवळजवळ एक तृतीयांश माणसं कमी केली आणि शेअर कोसळला. पण नियम म्हणून हे टिकत नाही. मायक्रोसॉफ्टने व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनच्या एका शेअरला 95 डॉलर देऊ केले होते. 26 एप्रिल 2023 ला ब्रिटनने सौदा अडवला आणि शेअर एका दिवसात 11 टक्क्यांच्या आसपास घसरला. जुलैमध्ये अमेरिकी न्यायालयाने तिथल्या सरकारी आयोगाची मनाईची मागणी फेटाळली, शेअर उसळला. मग मायक्रोसॉफ्टने क्लाऊड गेमिंगचे (डाउनलोड न करता इंटरनेटवरून गेम खेळण्याचे) हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देऊन ब्रिटनचीही संमती मिळवली, आणि 13 ऑक्टोबरला भागधारकांना पूर्ण 95 डॉलर मिळाले. एप्रिलमध्ये असला मेसेज वाचून विकणाऱ्याचं नुकसान चौकशीने नाही, घाईने केलं.

‘मंजुरी मिळाली तरच पैसे पक्के.’ तेही नाही. झी-सोनी विलीनीकरणाला आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये सशर्त मंजुरी दिली होती. जानेवारी 2024 मध्ये सोनीनेच करार रद्द केला, आणि झीचा शेअर एका दिवसात 30 टक्क्यांच्या आसपास पडला.

विकण्याआधी एवढं तरी बघा: देऊ केलेली किंमत आणि आजचा भाव यांत अंतर किती, करार मोडल्यास भरपाई कोण कोणाला देणार, आणि सौदा नसताना ती कंपनी स्वतःच्या धंद्यावर उभी राहते का.