टच लाइन म्हणजे स्पर्शिकाच की!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चाललंय: इंजिनिअरिंग मराठीतून शिकवावं का? दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आतेभावाने, आमच्या दादाने, निकाल देऊन टाकला. "विज्ञानाची भाषा इंग्रजीच. स्पर्शिका, समांतरभुज असले शब्द कोण बोलतं?" पुढे हसून लोळणारे चार चेहरे.

मी वेल्समधल्या स्वान्सीत राहतो. इथून टेन्बी गाव जवळ. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाचं स्मारक आहे. बरोबरचं चिन्ह, त्या दोन समांतर रेघा, 1557 साली पहिल्यांदा छापल्या त्या यानेच. त्याआधी 1551 मध्ये त्याने भूमिती इंग्रजीत आणली, तेव्हा शब्दच नव्हते. मग टॅन्जन्टला त्याने 'टच लाइन' केलं. म्हणजे स्पर्शिकाच की! समभुज त्रिकोण झाला 'थ्रीलाइक' आणि समांतरभुज चौकोन चक्क 'लाइकजॅम'. त्यापुढे आपला समांतरभुज किती शहाणा वाटतो!

हे शब्द टिकले नाहीत, लॅटिनचेच घुसले. पण लॅटिन न येणाऱ्या माणसासाठी लिहायची सवय टिकली. दादाला वाटतं इंग्रजी विज्ञान घेऊनच जन्माला आली. अरे, इंग्लंडच्या डॉक्टर हार्वेने रक्ताभिसरण 1628 मध्ये लॅटिनमध्ये मांडलं, तेही फ्रँकफर्टला छापून. न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' 1687 चं, लॅटिन. त्याच न्यूटनने 1704 मध्ये 'ऑप्टिक्स' इंग्रजीत काढलं आणि दोन वर्षांत त्याचं लॅटिन भाषांतर करावं लागलं, कारण युरोपात इंग्रजी वाचतंय कोण? 1665 पासून लंडनहून निघालेलं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे विज्ञानाचं नियतकालिक बहुतांशी इंग्रजीत होतं. संपादक मात्र ब्रेमेनचा जर्मन, ओल्डनबर्ग. दोन्ही भाषा दीड-दोनशे वर्षं शेजारी नांदल्या. आपल्याकडे मात्र आजच्या आज निकाल हवा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लेक वेल्श शाळेत जाते, गणितात त्रिकोणाला 'त्रिओंगल' म्हणते, हेही ऐटीत लिहिलं. रस्त्यावर 'अराव', म्हणजे वेल्शमध्ये 'हळू', दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, इतका मी इथला झालोय.

लिहिलं नाही ते असं. रेकॉर्ड टेन्बीचा, म्हणजे वेल्सचा. पण भूमिती त्याने वेल्शमध्ये नाही, इंग्रजीत लिहिली. आणि आमच्या घरात गृहपाठ इंग्रजीतून समजावला जातो. मराठी उरलीय जेवायला हाक मारण्यापुरती. स्पर्शिका हा शब्द लेकीने ऐकलेलाच नाही.

मला तो कळला मिरजेला, उन्हाळ्याच्या सुट्टीत. आत्याची बांगडी फरशीवर ठेवून, तिला फूटपट्टी टेकवून एकाने दाखवला होता. "बघ, एकाच जागी शिवतेय ना? ही स्पर्शिका." तो हाच दादा.