'सगळ्यांनाच घेऊ द्या' म्हणणाऱ्या कळव्याच्या वाचकांना

नमस्कार. सही 'जुना कबड्डीपटू' एवढीच केली आहेत, म्हणून नावाने हाक मारता येत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उत्तेजकांवरचा माझा लेख म्हणजे ठाण्यात पंख्याखाली बसून केलेला उपदेश, वर पोचलेले सगळेच घेतात, सापडतो तो गरीब, तेव्हा बंदी उठवा आणि एकदाचं सगळ्यांना सारखं करून टाका.

गरीब सापडतो, हे सोळा आणे खरं. लान्स आर्मस्ट्राँगने वर्षानुवर्षं चाचण्या दिल्या आणि सात वेळा टूर द फ्रान्स मारली. २०१२मध्ये ती सातही विजेतेपदं गेली ती मुख्यतः सोबतच्या सायकलपटूंनी तोंड उघडलं म्हणून. कुठलं औषध किती तासांत अंगातून उतरतं याचा हिशेब ठेवायला त्याच्याकडे डॉक्टर होता. आपल्याकडे सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत 'नाडा'ची, म्हणजे उत्तेजक चाचण्या घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, माणसं आल्याचं कळलं आणि पोरं गायब. शंभर मीटरच्या फायनलला एकटाच धावला. हिशेब ठेवणारा कुणी नसला की पळून जाणंच हातात उरतं.

पण बंदी उठली तर त्या पोरांना आर्मस्ट्राँगचा डॉक्टर मिळणार आहे का? ईपीओ या संप्रेरकाच्या इंजेक्शनने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, दमसास वाढतो. मात्रा चुकली तर रक्त दाटतं आणि गुठळी होते. सतत रक्त तपासत बसणं ही पैसेवाल्यांची कामं. गरिबाच्या वाट्याला काय येतं ते मी ऐरोलीच्या एका मैदानावर पाहिलंय. पहाटे पोलीस भरतीची पोरं तिथे १६०० मीटर मारतात. कडेच्या गवतात अंगठ्याएवढी काचेची कुपी पडली होती, लेबलवर लाल रेघ, नाव मेफेंटरमाईन. ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर वर आणायला हे देतात. इथे ते देणारा कुणी जिमवाला, आणि मात्रा अंदाजपंचे. यातल्या कुणालाही ऑलिम्पिकला जायचं नाहीये, नुसती शिपायाची नोकरी हवीय. एकाने घेतलं की शेजारच्याला घ्यावंच लागतं. बंदी उठवून तुम्ही हीच सक्ती अधिकृत करणार.

सगळ्यांना सारखं द्यायचा प्रयोग होऊनही गेलाय. पूर्व जर्मनीत सरकारच द्यायचं. अल्पवयीन जलतरणपटू मुलींना ओरल-ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वं म्हणून गिळायला लावल्या. पदकांचा ढीग लागला. मुलींचे आवाज घोगरे झाले, पुढे कित्येकींना यकृताचे आजार जडले. २००० साली तिथले माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड कोर्टात दोषी ठरले. शिक्षा २२ महिने, तीही स्थगित.

पृथ्वी शॉचा दाखला मात्र इथे बसत नाही. २०१९मध्ये खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटलीन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि विरारच्या पोरावर आठ महिन्यांची बंदी आली, हा अन्याय असं तुम्ही म्हणता. त्याने मुद्दाम घेतलं नव्हतं हे बोर्डाने मान्य केलं, म्हणून तर आठच महिने. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, हा नियम कडक आहे खरा. तो सैल केला तर उद्या प्रत्येकाला खोकला होईल.

देणारे सुटतात, हा तुमचा राग मात्र माझाही आहे. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आणलेल्या अश्विनी अकुंजी, मनदीप कौर, सिनी जोस २०११मध्ये स्टेरॉइडमध्ये सापडल्या. प्रशिक्षकाने आणलेल्या जिनसेंग या शक्तिवर्धक मुळीच्या औषधातून ते आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलींवर दोन वर्षांची बंदी आली, लंडन ऑलिम्पिक हुकलं. युक्रेनियन प्रशिक्षकाची नोकरी तेवढी गेली.

आणि शेवटी तुम्हीच लिहिलंय, 'आमच्या मैदानावर माल कोण पुरवतो ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे.' तर मग अन्न व औषध प्रशासनाचं ऑफिस ठाण्यातच आहे. लेखी तक्रार द्या. एकट्याला जायचं नसेल तर कळवा, सही करायला मीही येतो.