फुटबॉल क्लब विकत घ्यायचाय? आधी मखाचकलाची पद्धत शिकून घ्या

पैसा इतका झालाय की मोजायलाच माणसं ठेवावी लागतात, आणि तरी गावात आपल्याला म्हणावा तसा मान नाही, अशी तुमची अडचण असेल तर जास्त विचार करू नका, सरळ एक फुटबॉल क्लब विकत घ्या. फक्त त्याआधी रशियातल्या आंझी मखाचकला या क्लबचा अभ्यास करा. क्लब बुडवणं कोणालाही जमतं हो, पण एवढा पैसा ओतून, एवढी मोठी नावं आणून, अकरा वर्षांत नावनिशाणी पुसून टाकायची म्हणजे तिथे जातीचाच माणूस पाहिजे.

सुरुवात क्लब निवडण्यापासून. मॉस्कोतला श्रीमंत क्लब घेऊ नका, तिथे तुमच्या पैशाचं कोणाला कौतुक नाही. दूरचा, गरीब आणि फुटबॉलवेड्या गावातला बघा. मखाचकला म्हणजे रशियातल्या दागेस्तान प्रजासत्ताकाची राजधानी, कॅस्पियन समुद्राच्या काठावर, कॉकेशसच्या पायथ्याशी. क्लब 1991 चा. 2000 साली पहिल्यांदा टॉप डिव्हिजनमध्ये आला आणि आल्या आल्या चौथा नंबर काढला, कोच कोण तर गाजी गाजियेव, तिथलाच माणूस. पुढच्या वर्षी रशियन कपची फायनल, लोकोमोटिव्ह मॉस्कोविरुद्ध, पेनल्टीवर हरले. त्याच वर्षी यूएफा कपमध्ये ग्लासगोचा रेंजर्स समोर आला, पण शेजारी चेचन्यात युद्ध चालू होतं, रेंजर्सवाले मखाचकलाला यायला तयार होईनात, मग दोन मॅचच्या ऐवजी वॉर्सात एकच मॅच ठेवली, ती 1-0 ने गेली. घरच्या मैदानावर युरोपची मॅच बघायचं लोकांचं स्वप्न तिथेच संपलं. 2002 मध्ये टीम टॉप डिव्हिजनमधून खाली गेली ती 2010 च्या सीझनला वर आली. तर असा क्लब बघा, ज्याला आशा लावायला फार वेळ लागत नाही.

आता तुमची एंट्री. सुलेमान केरिमोव्हने जानेवारी 2011 मध्ये क्लब घेतला. माणूस दागेस्तानातल्याच दर्बेंतचा, अब्जाधीश, पोटॅश खत काढणाऱ्या उरालकाली कंपनीत मोठा वाटा, शिवाय रशियाच्या संसदेच्या वरच्या सभागृहात दागेस्तानचाच प्रतिनिधी. म्हणजे भूमिपुत्र, धनवान आणि राजकारणी, हे तिन्ही एका माणसात. तुमच्यात यातलं एखादं कमी असेल तर आधी ते मिळवा.

क्लब घेतल्यावर लोक सांगतील की आधी मैदान करा, पोरं तयार करा, चार वर्षं थांबा. ऐकून घ्या, मान डोलवा, आणि ब्राझीलच्या रोबेर्तो कार्लोसला फोन लावा. तो तेव्हा 37 वर्षांचा होता. लेफ्ट बॅकला 37 म्हणजे रिटायरमेंटचं वय झालं, पण आपल्याला धावायला थोडीच आणायचाय, आपल्याला फोटो पाहिजे. एप्रिलमध्ये त्याचा 38 वा वाढदिवस झाला तेव्हा मालकाने बुगाटी व्हेरॉन भेट दिली असं छापून आलं होतं. मखाचकलाच्या रस्त्यावर बुगाटी चालवायची कुठे हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल तर तुम्ही अजून मध्यमवर्गीय आहात, क्लब घेऊ नका. (हाच कार्लोस 2015 ला आयएसएलमध्ये दिल्लीचा कोच होऊन आला आणि सेमीफायनलला गोव्याने त्याला घरी पाठवलं. गोंयकारांना आठवत असेल.) त्या वर्षी समाराला प्रेक्षकांतून कोणीतरी त्याच्या दिशेने केळं फेकलं आणि तो मॅच अर्धवट टाकून मैदानाबाहेर निघून गेला. बुगाटी बजेटमध्ये बसते, असल्या गोष्टींसाठी मात्र बजेटमध्ये कॉलम नसतो.

मग ऑगस्ट 2011 ला इंटर मिलानकडून कॅमेरूनचा स्ट्रायकर सॅम्युएल एटो आणा. पगार वर्षाला टॅक्स कापून 2 कोटी युरो, असं तेव्हा सगळे पेपर म्हणत होते, म्हणजे जगात त्या वेळी सर्वात जास्त. मेस्सीपेक्षा जास्त. चेल्सीतून झिरकोव्ह, आयंडहोवनहून जुजाक, अँडरलेख्टहून बुसुफा, सगळी दुकानं फिरा आणि दर विचारू नका.

आता खरी मेख ऐका, इथेच बरेच जण चुकतात. इतके खेळाडू आणले म्हणून त्यांना गावात राहू द्यायचं नाही! दागेस्तानात त्या काळात बॉम्बस्फोट आणि चकमकी नेहमीच्याच होत्या, सुरक्षेचं कारण काही खोटं नव्हतं, म्हणून टीमचा मुक्काम आणि सराव मॉस्कोजवळ क्रातोव्होला. मॅच असली की विमानाने दीड हजार किलोमीटरवर मखाचकलाला यायचं, नव्वद मिनिटं खेळायचं आणि परत विमानात बसायचं, माहेरवाशीण निदान एखादी रात्र तरी राहते. आणि क्रातोव्होचा तो तळ कोणाचा होता? सातुर्न नावाच्या क्लबचा, जो त्याच 2011 च्या सुरुवातीला कर्जापायी बंद पडला होता. मेलेल्याच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं आणि भिंतींकडे कोणी नीट बघितलं पण नाही. युरोपच्या मॅच तर यूएफाने, म्हणजे युरोपचा फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेने, मखाचकलाला होऊच दिल्या नाहीत. नोव्हेंबर 2012 ला लिव्हरपूलला 1-0 हरवलं, लासिना त्राओरेचा गोल, आंझीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रात्र म्हणा ना, आणि ती झाली कुठे तर मॉस्कोत, लोकोमोटिव्हच्या स्टेडियममध्ये. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी पेनल्टीवर हरवलं त्यांच्याच घरी भाड्याने राहून आपला सण साजरा करायचा, याला मोठं मन लागतं.

कोचचं काय करायचं? बदलायचा. गाजियेवला सप्टेंबर 2011 ला काढलं. मग थोडे दिवस रोबेर्तो कार्लोसनेच सांभाळलं, मग क्रास्नोझान आला आणि एक ऑफिशियल मॅच व्हायच्या आत गेला, मग फेब्रुवारी 2012 ला नामवंत डच कोच गुस हिडिंक. आता गंमत बघा, हिडिंकच्या हाताखाली टीम खरंच चांगली खेळायला लागली. 2012-13 ला लीगमध्ये तिसरा नंबर, कपच्या फायनलला मॉस्कोच्या सीएसकेएविरुद्ध परत पेनल्टीवर हार, मार्च 2013 ला मखाचकलाशेजारच्या कास्पिस्कमध्ये नवीन आंझी अरेना पण उघडलं. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. अशा वेळी घाबरायचं नाही, धीर धरायचा, बुडायची वेळ येतेच.

2013 चा उन्हाळा मात्र वहीत लिहून घ्या. जानेवारीत साडेतीन कोटी युरोला विलियन आणलेला होताच, त्यात झेनितचा देनिसोव्ह आणला, दिनामो मॉस्कोचा कोकोरिन आणला. जानेवारीत ख्रिस्तोफर सांबाला लंडनच्या क्यूपीआरला 1 कोटी 25 लाख पौंडाला विकलं होतं, जुलैमध्ये त्याला 1 कोटी 20 लाखाला परत घेतलं, म्हणजे बघा, आंझीच्या सगळ्या व्यवहारांत इथे तरी पाच लाख सुटले. जुलैमध्येच हिडिंक गेला. त्याच्या जागी रेने म्युलेन्स्टीन आला तो 16 दिवस टिकला, आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेचा मंडपवाला जास्त दिवस पैशासाठी फेऱ्या मारतो. आणि मग परत कोण? गाजियेव! नेहमी असा एक गावचा माणूस हाताशी ठेवा, ज्याला काढता पण येतं आणि घर पेटल्यावर बोलावता पण येतं.

ऑगस्टमध्ये मालकाने जाहीर केलं की बजेट कापणार, आता स्टार नकोत, तरुण पोरं घडवू. हे वाक्य पाठ करा, सगळ्या अब्जाधीशांना कधी ना कधी लागतं. कारणं लोकांनी बरीच शोधली, मालकाची तब्येत म्हणा, आणि जुलैच्या शेवटी उरालकालीने बेलारूसच्या कंपनीशी भागीदारी मोडली आणि शेअर कोसळले ते म्हणा. खताचा भाव पडला म्हणून कॅमेरूनचा स्ट्रायकर विकायची वेळ येते, अर्थशास्त्र ते हेच. दोन-तीन आठवड्यांत दुकान रिकामं. एटो आणि विलियन चेल्सीला, मिडफिल्डर दियारा आणि बुसुफा लोकोमोटिव्हला, देनिसोव्ह, झिरकोव्ह, सांबा दिनामोला. कोकोरिन तर आंझीकडून एकही मॅच न खेळता जिथून आला तिथेच, दिनामोला, परत गेला. दिनामोने इतका माल एकदम उचलला की 2015 ला यूएफाने त्यांना जमाखर्चाच्या नियमांवरून युरोपबाहेर बसवलं आणि 2016 ला ते इतिहासात पहिल्यांदा टॉप डिव्हिजनमधून खाली गेले. आंझीचं सामान लागलेलं दिसतं.

इकडे आंझीने 2013-14 ला 30 पैकी 3 मॅच जिंकल्या आणि शेवटचा नंबर काढला, आणि त्याच सीझनला युरोपा लीगमध्ये शेवटच्या 16 मध्ये पण होते, हे कसं जमलं ते विचारू नका.

पुढचं भराभर सांगतो, त्यात शिकण्यासारखं कमी आणि रडण्यासारखं जास्त आहे. एका वर्षात वर आले. डिसेंबर 2016 ला केरिमोव्हने क्लब उस्मान कादियेवला देऊन टाकला, म्हणजे भूमिपुत्राचं प्रेम सहा वर्षांचं. 2018 ला प्लेऑफ हरून खाली जाणार होते पण पेर्मचा अम्कारच बंद पडला म्हणून वाचले, दुसऱ्याच्या तेराव्याला आपलं जेवण झालं. पगार थकले, 2019 ला खाली गेलेच, लीगमध्ये खेळायच्या लायसन्सचा घोळ होऊन थेट तिसऱ्या पायरीवर, आणि 2022 ला तिथलं पण लायसन्स मिळालं नाही आणि खेळ खलास. ‘दिकाया दिविझिया’, म्हणजे रानटी पलटण, म्हणवणारे ते आंझीचे फॅन, जे एटोच्या आधीपण यायचे आणि एटोनंतरपण आले, त्यांना कोणी कधी काही विचारलं होतं का, तर नाही, आणि तुम्ही पण विचारू नका, नाहीतर ते म्हणतील आम्हाला चौथा नंबर आणि गाजियेवच पुरे होता, मग तुमच्या पैशाची सोय काय लावायची?

शेवटची एक सूचना, खर्च वाचवणारी आहे. क्लब संपला तरी स्टेडियम पाडू नका. 2024 ला मखाचकलाचाच दिनामो नावाचा क्लब टॉप डिव्हिजनमध्ये आला, तो कास्पिस्कच्या त्याच आंझी अरेनात खेळतो. पाटी तेवढी बदलायला घेऊ नका, नवीन पाटीला कोटेशन मागवावं लागतं आणि मालक आता फोन उचलत नाही.