जीएनएम ‘अर्धी नर्स’ नाही: एका फिरत्या संदेशाला उत्तर

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या पालकांच्या आणि विद्यार्थिनींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) अभ्यासक्रम बंद झाला असून झालेल्यांची नोंदणीही रद्द होणार आहे, तो आर्ट्सच्या मुलींचा कोर्स असल्यामुळे त्यात विज्ञान नसते, जीएनएम झालेल्या नर्सला शिरेतून इंजेक्शन देण्याचा कायद्याने अधिकार नाही, म्हणून दवाखान्यात गेल्यावर आधी सिस्टरची डिग्री विचारावी, तिला सरकारी नोकरी किंवा परदेश दोन्ही मिळत नाही, आणि खरी नर्स फक्त बी.एस्सी. झालेलीच. हा संदेश चोपडा तालुक्यातल्या माझ्या भावापर्यंत पोहोचला. त्याची मुलगी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने फोन करून मला एकच विचारले, “पोरगीले काढी लेऊ का?” दोन वर्षांची फी, वसतिगृहाचा खर्च आणि एका हुशार मुलीची मेहनत कोणा अनामिकाच्या चार ओळींवर वाया जाण्याची वेळ येत असेल, तर गप्प बसणे मला शक्य नाही.

मी स्वतः बी.एस्सी. नर्सिंग केले आहे. वॉर्डात काम केले आहे आणि आता दोन्ही अभ्यासक्रमांच्या विद्यार्थिनींना रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून शिकवते. त्यामुळे पुढचे लिखाण जीएनएमच्या बाजूने एखाद्या दुखावलेल्या व्यक्तीने केले आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

सर्वांत घातक मुद्दा इंजेक्शनचा आहे, म्हणून तो आधी घेते. महाराष्ट्रात जीएनएमची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर बी.एस्सी. नर्सिंगची पदवी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. परीक्षा घेणाऱ्या संस्था वेगळ्या असल्या, तरी उत्तीर्ण झाल्यावर दोघींची नोंदणी एकाच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आणि एकाच नात्याने होते: नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसविका, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘आरएन-आरएम’. डॉक्टरांच्या लेखी आदेशानुसार औषध देण्याचे काम या नोंदणीवर चालते. जीएनएमने स्नायूत टोचावे आणि शिरेत फक्त बी.एस्सी.ने टोचावे, अशी वाटणी कोणत्याही कायद्यात नाही. एएनएमची, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेची, नोंदणी वेगळ्या वर्गात होते आणि तिच्या कामाची कक्षाही वेगळी आहे, एवढे खरे आहे. संदेश लिहिणाऱ्याने एएनएम आणि जीएनएम यांत गल्लत केली असण्याची शक्यता आहे, परंतु ज्याला हा फरक माहीत नाही त्याने पालकांना सल्ला द्यायला निघू नये.

इंजेक्शनच्या सुरक्षिततेचीच काळजी असेल, तर धोका नेमका कुठे असतो हे समजून घ्यावे. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. एका कुपीत दर मिलिलिटरला 40 युनिट असतात, तर दुसरीत 100. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. 40 च्या सिरिंजला लाल टोपण आणि 100 च्या सिरिंजला नारिंगी. समजा, डॉक्टरांनी 10 युनिट लिहिले आहेत, कुपी 100 ची आहे आणि घाईत हाती लाल टोपणाची सिरिंज आली. त्या सिरिंजवरच्या 10 च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर ते पाव मिलिलिटर होते आणि रुग्णाच्या अंगात 10 ऐवजी 25 युनिट जातात. थोड्या वेळात रुग्णाला दरदरून घाम फुटतो, तो असंबद्ध बोलू लागतो आणि कोणाच्या लक्षात आले नाही तर बेशुद्ध होतो. ही चूक डिप्लोमावालीच्या हातून होऊ शकते आणि पदवीवालीच्या हातूनही. ती टळते ती कुपीवरचा आकडा आणि सिरिंजचे टोपण ताडून पाहिल्याने आणि दुसऱ्या सिस्टरकडून मात्रा तपासून घेतल्याने. ही सवय मी दोन्ही वर्गांना एकाच पद्धतीने लावते, आणि ती कोणाला लागली व कोणाला लागली नाही याचा डिग्रीशी संबंध मला कधी दिसलेला नाही.

आता “आधी डिग्री विचारा” या सल्ल्याचा परिणाम पाहा. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मध्यरात्री बाळंतपण होते. बाळ बाहेर आल्यानंतर मिनिटभरात आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन द्यायचे असते, कारण गर्भाशय आकसले नाही तर रक्तस्राव थांबत नाही. त्यानंतर वार पूर्ण पडली का, पोटावरून गर्भाशय घट्ट लागते का, हे हाताने पाहायचे असते. बाळंतपणानंतर होणाऱ्या माता मृत्यूंचे एक मोठे कारण हाच रक्तस्राव आहे. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या नातेवाइकाने मोबाइलवरचा संदेश दाखवून सिस्टरशी डिग्रीचा वाद घातला, तर किंमत त्या बाईला मोजावी लागेल. त्या खोलीत ज्या सिस्टर रात्रपाळी करतात, त्यांच्यापैकी कित्येक जीएनएम आहेत. त्यांच्यावरचा विश्वास घालवण्याचा अधिकार या संदेशाला कोणी दिला?

जीएनएम ‘बंद झाले’ या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. 2019 च्या सुमारास नर्सिंग शाळांचे महाविद्यालयांत रूपांतर करून जीएनएम टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा विचार राष्ट्रीय पातळीवर खरोखरच पुढे आला होता, आणि पदवी हीच या व्यवसायाची पहिली पायरी असावी हे मत धोरणकर्त्यांत आजही आहे. परंतु त्यानंतरही जीएनएमचे प्रवेश होत राहिले आहेत. विचार होणे आणि अभ्यासक्रम बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या समजा नवे प्रवेश थांबले, तरी रीतसर प्रवेश घेतलेल्या मुलीचा डिप्लोमा आणि तिची नोंदणी त्यामुळे रद्द होत नाही. हाच जीएनएम पूर्वी साडेतीन वर्षांचा होता, नंतर तीन वर्षांचा झाला. त्या बदलामुळे जुन्या साडेतीन वर्षांवाल्यांची नोंदणी गेली नाही आणि त्यातल्या अनेक जणी आज वॉर्डाच्या परिसेविका म्हणून काम पाहत आहेत. 2023 साली नव्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला, त्याने 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घ्यायची आहे. त्या बातमीला कोणीतरी ‘सगळे रद्द’ असे शेपूट जोडले असावे, असा माझा कयास आहे.

‘आर्ट्सच्या मुलींचा कोर्स’ या हेटाळणीवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. जीएनएमला बारावीची कोणतीही शाखा चालते आणि बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागते, हे बरोबर आहे. मात्र जीएनएमच्या पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र असते, दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, बालरोग व मानसिक आरोग्य परिचर्या, तर तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र असते. बारावीला जीवशास्त्र न घेतलेली मुलगी हे सारे पहिल्या काही महिन्यांत पाठ करून नव्हे, समजून घेऊन उभी राहते, हे मी दरवर्षी पाहते. बी.एस्सी.मध्ये जैवरसायनशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि संशोधन अधिक खोलात जाऊन शिकवले जाते, आणि त्याचा उपयोगही होतो. याच्या उलट दिशेने फिरणारा, “बी.एस्सी.वाल्यांना साधे कॅथेटर टाकता येत नाही” हा संदेशही तितकाच खोटा आहे, पदवीच्या मुलीही वॉर्डात पाळ्या करतात आणि त्यांच्या आठव्या सत्रात इंटर्नशिप असते.

सरकारी नोकरीच्या बाबतीत मी एकच कागद पुढे ठेवते, कारण तो पुरेसा आहे. देशातल्या एम्स रुग्णालयांसाठी नर्सिंग ऑफिसरची भरती ‘नॉर्सेट’ या सामायिक परीक्षेतून होते. तिच्या जाहिरातीत पात्रता स्पष्ट लिहिलेली असते: बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग (जीएनएमनंतर करायची पदवी); अथवा जीएनएम डिप्लोमा, नोंदणी आणि किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव. त्यानंतर दोघींची परीक्षा एक, पद एक आणि वेतनस्तर सातवा, म्हणजे सुरुवातीचे मूळ वेतन 44,900 रुपये. दोन वर्षांच्या अनुभवाची अट हा फरक आहे आणि तो लहान नाही, हे मी नाकारत नाही. परंतु ‘आधी अनुभव घ्या’ या अटीचे ‘नोकरीच नाही’ असे रूपांतर करणे ही दिशाभूल आहे. ज्याने संदेश लिहिला त्याने ही जाहिरात उघडून दोन मिनिटे वाचली असती, तर एवढा मजकूर लिहिण्याचे कारण उरले नसते. रेल्वेच्या नर्सिंग सुपरिटेंडेंट पदालाही जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात.

जिथे पदवीच लागते, त्या जागाही सांगून टाकते. लष्कराच्या नर्सिंग सेवेत जीएनएमवर प्रवेश नाही. महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर पदवी आणि पुढे एम.एस्सी. लागते. आरोग्य उपकेंद्रांतल्या समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी जीएनएमला सहा महिन्यांचा वेगळा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागतो, तर बी.एस्सी.च्या नव्या अभ्यासक्रमात तो आतच घातला आहे. परदेशात देशागणिक नियम बदलतात आणि काही ठिकाणी पदवीला प्राधान्य असते, तरी ब्रिटनमध्ये जीएनएम झालेल्या भारतीय परिचारिका पूर्वीपासून नोंदणी घेत आल्या आहेत आणि तिथली संगणकावरची व प्रात्यक्षिकाची परीक्षा दोघींना सारखीच द्यावी लागते. शिवाय जीएनएमच्या पुढे वाट बंद नाही. नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते आणि त्यानंतर एम.एस्सी.

हा संदेश कोणत्या रागातून निघाला असावा, हे मला कळते. बारावी सायन्स करायचे, प्रवेश परीक्षा द्यायची, चार वर्षे घालवायची आणि शेवटी खासगी रुग्णालयात जीएनएम झालेल्या मुलीच्याच टेबलावर, तिच्याच पगारात बसायचे, हा अनुभव बी.एस्सी.च्या मुलींना खुपतो. दुसरीकडे, तीन वर्षे राबूनही ‘डिग्री नाही’ म्हणून वॉर्डात सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागते, हे जीएनएमच्या मुलींना खुपते. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. मात्र दोघी त्या एकमेकींच्या माथी मारतात आणि पगार ठरवणारा मालक नामानिराळा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 रोजी दिलेल्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या. 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके वेतन. 100 ते 200 खाटांना त्यापेक्षा फार तर 10 टक्के कमी. 50 ते 100 खाटांना फार तर 25 टक्के कमी. आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी नाही. ही विभागणी रुग्णालयाच्या खाटांवर केलेली आहे. आपल्या तालुक्यांच्या ठिकाणी किती सिस्टरांना आजही 20,000 रुपये हातात मिळतात, हे त्यांनाच विचारावे. दोन्ही वर्गांच्या मुलींनी एकत्र बसून हा कागद व्यवस्थापनापुढे ठेवला असता, तर मला त्याचा अधिक आनंद झाला असता.

भावाला मी मुलीला काढू नको असे सांगितले आहे आणि तिने तिसरे वर्ष पूर्ण करून पोस्ट बेसिकचा विचार करावा, असेही सुचवले आहे. पालकांना सावध करायचेच होते, तर ज्या धोक्याबद्दल करायला हवे होते त्याचा या संदेशात एक शब्दही नाही. ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा पाट्या लावून फी गोळा करणाऱ्या आणि शेवटी परिषदेकडे नोंदणीच न होणारे प्रमाणपत्र हातात देणाऱ्या संस्था हा तो धोका आहे. त्यात फसलेल्या मुलींना रुग्णालये सिस्टर म्हणून राबवून घेतात आणि कधीही घरी पाठवतात. म्हणून जीएनएम असो वा बी.एस्सी., प्रवेशाआधी तीन गोष्टी विचाराव्यात: या वर्षीच्या प्रवेशांसाठी संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, परीक्षा राज्य मंडळ घेणार की आरोग्य विज्ञान विद्यापीठ, आणि मुली प्रत्यक्ष काम शिकायला कोणत्या रुग्णालयात जाणार. या तिन्हींची उत्तरे लेखी मिळून ती मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय बारावीची मूळ गुणपत्रिका कोणाच्याही हाती देऊ नये.